प्रसारमाध्यमे, राजकारण आणि आपण : इंदूरच्या मराठी वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातील एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही काही मराठी वाचक आठवड्याची वर्तमानपत्रे समोर ठेवून बसतो. प्रस्तुत लेखकाची बरीच वर्षे एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर गेली असल्यामुळे माध्यमांविषयीचे प्रश्न बहुधा त्याच्याकडेच वळतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

माध्यमे लोकांचे मत घडवतात, की लोकांना जे हवे तेच देतात?

दोन्ही गोष्टी घडतात. मात्र माध्यमांची खरी ताकद मत बदलण्यापेक्षा विषय निवडण्यात असते. अमेरिकेत 1968 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या दोन अभ्यासकांनी चॅपल हिल या गावातील, कोणाला मत द्यावे हे अजून न ठरलेल्या शंभर मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते वाटतात असे विचारले आणि त्या उत्तरांची तुलना तेथील माध्यमांनी कोणत्या विषयांना किती जागा दिली याच्याशी केली. दोन्ही क्रम जवळजवळ जुळले. 1972 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि कशाविषयी विचार करायचा हे माध्यमे ठरवतात, ही गोष्ट अभ्यासकांच्या बोलण्यात रूढ झाली.

डेस्कवर काम केलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. रात्री साडेदहाला पहिल्या पानाची जुळवाजुळव होते तेव्हा तीस-चाळीस बातम्या समोर असतात आणि जागा सात-आठ बातम्यांची असते. उरलेल्या बातम्या कोणी दाबलेल्या नसतात. त्या फक्त आत जातात, लहान होतात किंवा दुसऱ्या दिवशी शिळ्या ठरतात. वाचकाला मात्र सकाळी हाती आलेले पान म्हणजेच कालचा दिवस वाटतो.

हा प्रश्न इंदूरच्या मराठी माणसापुढे वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो, असे आपण नेहमी म्हणता. ते कसे?

आपल्या घरात बातमी दोन भाषांतून येते आणि त्या दोन भाषांनी आपापसात प्रदेश वाटून घेतले आहेत. सकाळी दारात पडते ते हिंदी दैनिक; रात्री जेवताना लागते ती मुंबईहून चालणारी मराठी वृत्तवाहिनी. पहिल्यात आपला वॉर्ड, आपले नगर निगम (महापालिका), जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी आणि आपली विधानसभा असते. दुसरीत असते महाराष्ट्राचे राजकारण, ज्यात आपल्याला मत नाही. परंतु माणूस चिडतो, हसतो आणि वाद घालतो तो मातृभाषेत; त्यामुळे आपल्या राजकीय भावनेचा मोठा वाटा अशा सरकारांवर खर्च होतो, जी आपण निवडूही शकत नाही आणि पाडूही शकत नाही.

एका गुरुवारी आम्ही याची लहानशी परीक्षा घेतली. बावीस जण हजर होते. महाराष्ट्रातील खातेवाटप, कोणता आमदार कोणत्या गटात, कोणाची सुनावणी कोठे अडली, हे जवळजवळ सर्वांना तोंडपाठ होते. आपल्या वॉर्डाच्या पार्षदाचे, म्हणजे नगरसेवकाचे, नाव नऊ जणांनी बरोबर सांगितले. आपल्या भागातील पाण्याच्या टाकीची तक्रार कोणत्या झोन कार्यालयात करायची हे तिघांना माहीत होते आणि त्यांपैकी एक काकू निवृत्त निगम कर्मचारीच होत्या. त्या म्हणाल्या, “मला नाही धरायचं, माझा पगार होता तो.”

याची दुसरी बाजूही पाहावी लागते. 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा नोंदवणारे सुमारे 12 लाख लोक होते. महाराष्ट्रातील माध्यमांच्या लेखी हे 12 लाख लोक वाचक म्हणून जवळजवळ नसतातच. इंदूरची बातमी तेथे छापून येते ती अपघाताची, नाहीतर सराफ्यातील खाण्याची. उलट येथील हिंदी दैनिकांत आपण ‘मराठी समाज’ या शीर्षकाखाली दिसतो. गुढीपाडवा, गणपती, हळदीकुंकू, नऊवारीतील महिलांचे चार कॉलमी छायाचित्र. छायाचित्र चांगलेच असते, परंतु मराठी माणूस तेथे सणापुरता उगवतो. मालमत्ता कराच्या किंवा सिटी बसच्या बातमीत त्याला कोणी विचारत नाही. याच शहराने सुमित्रा महाजन यांना 1989 पासून सलग आठ वेळा लोकसभेत पाठवले आणि 2014 ते 2019 या काळात त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. चिपळूणला जन्मलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या ‘ताईं’चे राजकारण त्यांच्या मतदारांनी वाचले ते मात्र हिंदीतच. इंदुरात मराठी मासिके निघतात, त्यांचा वाङ्मयीन दर्जाही चांगला आहे, परंतु नगर निगमाचे अंदाजपत्रक समजावून सांगणारा मराठी मजकूर येथे मिळत नाही. आमच्या बैठकीचा अर्धा वेळ ही उणीव भरून काढण्यात जातो.

वृत्तपत्रे हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे, असे राज्यघटनेत कोठे म्हटले आहे?

कोठेही नाही. घटनेत ‘वृत्तपत्रस्वातंत्र्य’ असा स्वतंत्र शब्दही नाही. कलम 19(1)(अ) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते, कलम 19(2) त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा देते आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य न्यायालयांनी 19(1)(अ) मध्येच सामावलेले मानले आहे. यातील एक महत्त्वाचा निकाल पुण्याच्या ‘सकाळ’मुळे मिळाला. किती पानांचा अंक किती किमतीला विकावा हे ठरवणारा आदेश केंद्र सरकारने 1960 साली काढला होता. लहान वृत्तपत्रांना संरक्षण मिळावे हा त्यामागील हेतू सांगितला जात असे. सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली तो रद्द केला, कारण किंमत आणि पाने यांवर बंधन आले की खप घटतो, आणि खप घटवणे म्हणजे म्हणणे किती लोकांपर्यंत पोहोचावे यावर बंधन घालणे होय. पानांच्या हिशेबासारखी रुक्ष गोष्ट मूलभूत हक्काशी कशी जोडलेली असते, हे समजण्यासाठी याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

होळकरांच्या काळात इंदुरात वृत्तपत्रे होती का, आणि त्यांचा राजकारणावर काही परिणाम होत असे का?

छापखाना आणि वृत्तपत्र या दोन्ही गोष्टी येथे लवकर आल्या. ‘मालवा अखबार’ हे हिंदी-उर्दू पत्र 1850 च्या आगेमागे इंदुरातून निघत होते, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढल्यानंतर वीसेक वर्षांच्या आत. परंतु संस्थानातील पत्राने दरबाराला प्रश्न विचारावा अशी सोय नव्हती. एवढेच नव्हे, तर संस्थानिकांविषयी अप्रीती पसरवणारा मजकूर ब्रिटिश हद्दीत छापणेही गुन्हा ठरवणारा कायदा 1922 साली करण्यात आला.

असे असूनही इंदूरच्या गादीवरील राजा ज्या प्रकरणामुळे पायउतार झाला, ते गाजले मुंबईच्या वृत्तपत्रांत. 12 जानेवारी 1925 रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत असलेली मुमताज बेगम पूर्वी इंदूर दरबारात होती आणि तेथून निघून गेली होती; तिला पळवून नेण्याचा हल्लेखोरांचा बेत होता. वाटेने जाणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडल्यामुळे हल्लेखोर हाती लागले आणि त्यांचे धागे इंदूर संस्थानाच्या नोकरीपर्यंत पोहोचले. खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. न्यायालयात जे बोलले जाई ते दुसऱ्या दिवशी छापले जाई आणि त्यावर अप्रीतीचा कायदा लावणे शक्य नव्हते. अखेर चौकशी आयोगाला सामोरे जाणे किंवा गादी सोडणे असे दोन पर्याय समोर ठेवले गेले आणि तुकोजीराव होळकर तिसरे यांनी 26 फेब्रुवारी 1926 रोजी गादी सोडली.

या प्रकरणात वृत्तपत्रांना विकृत चवही कमी नव्हती. एका स्त्रीच्या आयुष्याचे तपशील महिनोन्महिने चघळले गेले. सत्तेला जाब विचारणे आणि पडद्याआडचे पाहण्याची हौस भागवणे या दोन गोष्टी तेव्हाही एकाच कॉलमात नांदत होत्या. आमच्या बैठकीतील ज्येष्ठ मंडळी तुकोजीरावांविषयी अजूनही जिव्हाळ्याने बोलतात आणि हा विषय निघाला की आवाज खाली आणतात. शंभर वर्षांनंतरही ती बातमी घरातीलच वाटते.

इंदूरच्या पत्रकारितेचे नाव देशभर घेतले जाते. त्यात मराठी माणसांचा काही वाटा आहे का?

आहे, आणि तो हिंदीत आहे. ‘नई दुनिया’ हे दैनिक 1947 साली इंदुरात सुरू झाले. मराठी घरातून आलेले राहुल बारपुते त्याचे संपादक होते. त्यांच्या हाताखाली राजेंद्र माथुर आणि प्रभाष जोशी यांच्यासारखे पुढे दिल्लीत संपादक झालेले पत्रकार तयार झाले. देवासला राहणारे कुमार गंधर्व आणि इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर हे बारपुते यांचे स्नेही. त्या मंडळींच्या बैठकीत मराठी, माळवी आणि हिंदी एकमेकांत सहज मिसळत. या दैनिकाचा वाचकांच्या पत्रांचा स्तंभ वाचणारे आजही भेटतात. तेथे पत्र छापून येणे ही गल्लीत मिरवण्याची गोष्ट होती. 1983 मध्ये ‘दैनिक भास्कर’ची इंदूर आवृत्ती आली, स्पर्धेने दोन्हीकडची रंगीत पाने वाढली, 2012 साली ‘नई दुनिया’ जागरण समूहाकडे गेले. संपादकाच्या नावाने वर्तमानपत्र ओळखले जाण्याचा काळ त्याच्या आधीच सरला होता.

माध्यमे समाजातील सर्वांचा आवाज असतात, हे म्हणणे कितपत खरे आहे?

याचे उत्तर आपल्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आत, महू येथे जन्मलेल्या माणसाने देऊन ठेवले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले आणि त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. त्या काळी मराठीत वृत्तपत्रांची वाण नव्हती. ‘केसरी’ तर 1881 पासून चालू होता आणि राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षे मंडालेला काढलेल्या लोकमान्यांचे ते पत्र स्वातंत्र्याचे प्रतीक मानले जात होते. त्याच ‘केसरी’ने पैसे देण्याची तयारी असतानाही ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नाही, अशी नोंद बाबासाहेबांच्या चरित्रांत आढळते.

सरकारशी निर्भयपणे झुंजणारे वृत्तपत्रही समाजातील एका मोठ्या भागाला दार बंद ठेवू शकते, हे यातून दिसते. आजही हा प्रश्न जुना झालेला नाही. वस्ती हटवण्याची बातमी वाचताना एक साधी गोष्ट पाहावी: निगमाचे अधिकारी काय म्हणाले, पार्षद काय म्हणाले, आणि जिचे घर पडले तिचे वाक्य किती ओळींचे आहे. पुष्कळदा ते नसतेच. असते ते ‘रहिवाशांनी विरोध केला’ असे तीन शब्दांचे.

बातमी छापून येते, पण घडत काहीच नाही. मग माध्यमांचा उपयोग काय?

भोपाळचे राजकुमार केसवानी ‘रपट’ नावाचे लहानसे साप्ताहिक काढत. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील धोक्याविषयी त्यांनी 1982 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागोपाठ लिहिले आणि 1984 च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’तही लिहिले. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री वायू सुटला. म्हणजे बातमी होती, खरी होती, वेळेवर होती आणि तरीही ती कामी आली नाही, कारण लहान पत्रात आलेली गोष्ट मोठ्या पत्रांनी उचलली नाही आणि विधानसभेत बसलेल्यांना ती उचलणे भाग पडले नाही. बातमी आणि कृती यांच्यामध्ये आणखी बरेच हात असावे लागतात.

मध्य प्रदेशच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाचे, म्हणजे व्यापमचे, प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. 2013 च्या जुलैमध्ये इंदूर पोलिसांनी वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांच्या नावावर बसलेले तोतये पकडले. ही सुरुवातीला शहराच्या पानावरची गुन्हेवार्ता होती. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करणारे कार्यकर्ते, न्यायालयातील याचिका आणि पिच्छा न सोडणारे वार्ताहर यांनी ती दोन वर्षे जिवंत ठेवली. त्या काळात प्रकरणाशी संबंधित अनेकांचे मृत्यू झाले आणि 9 जुलै 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. एका दिवसाच्या मथळ्याने यातले काहीही झाले नसते. वाचकाच्या बाजूने सांगायचे तर त्या दोन वर्षांत “पुन्हा तेच व्यापम” म्हणून पान उलटणारे आपणही कमी नव्हतो.

पहिले पानच जाहिरातीचे असते. अशा वर्तमानपत्रावर विश्वास कसा ठेवावा?

पहिल्या पानावर गुंडाळलेल्या जाहिरातीला धंद्यात जॅकेट म्हणतात. ते दिसते, म्हणून ते तितके धोक्याचे नाही. अंकाची किंमत छपाईचा आणि कागदाचाही खर्च भागवत नाही, हॉकरचे कमिशन त्यातूनच जाते आणि उरलेला सगळा डोलारा जाहिरातीवर उभा असतो, हे वाचकाने मान्य करायला हवे. पाच-सहा रुपयांत सोळा पाने मिळतात आणि महिनाअखेर त्यांची रद्दी विकून थोडे परतही येतात.

काळजीची बाब आहे ती न दिसणारी जाहिरात. एका मंगळवारी आम्ही फूटपट्टी घेऊन एक अंक मोजला. जॅकेट आणि चौकटीतल्या जाहिराती बाजूला काढणे सोपे गेले. नंतर एका शिकवणी वर्गाच्या ‘यशाची गाथा’ आणि एका रुग्णालयाच्या नव्या यंत्राची ‘माहिती’ यांवर आमचे बरेच भांडण झाले. कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत हा मजकूर प्रायोजित असल्याचे लिहिलेले होते आणि ते भिंग लावल्यावर सापडले. त्या दोन मजकुरांना बातमीचाच टाइप आणि बातमीसारखाच मथळा होता.

सर्वांत मोठा जाहिरातदार पुष्कळदा सरकार असते. राज्यात जनसंपर्क विभाग आणि केंद्रात माहिती व प्रसारण मंत्रालय या जाहिराती देते. लहान पत्रांचे तर यांवरच पोट असते. अशा पत्रावर बंदी घालण्याची कोणाला गरज पडत नाही, जाहिरात थांबली की पुरते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये सरकारी जाहिरातींत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांखेरीज कोणाचेही छायाचित्र नको असे म्हटले होते. मार्च 2016 मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्री यांनाही सूट मिळाली आणि भिंती व पाने पुन्हा पूर्ववत हसू लागली.

‘पेड न्यूज’ म्हणजे नेमके काय, आणि त्याबद्दल कोणाला शिक्षा होते का?

पैसे किंवा मोबदला घेऊन बातमीच्या रूपात छापलेला प्रचार म्हणजे पेड न्यूज. 2009 च्या निवडणुकांनंतर हा विषय देशभर गाजला, त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता, आणि 2010 साली भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्यावर सविस्तर विचार केला. अडचण अशी की पेड न्यूज हा स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. जिल्हा पातळीवर निवडणूक आयोगाची माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती अशा मजकुरावर लक्ष ठेवते, संशयित बातमीचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरते आणि खर्चाची मर्यादा ओलांडली किंवा हिशेब खोटा ठरला तर प्रकरण पुढे जाते. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवारासाठी 2022 पासून ही मर्यादा 40 लाख रुपये आहे.

आपल्या राज्यातले उदाहरण अनेकांना आठवत असेल. 2008 च्या निवडणुकीच्या खर्चाबाबत दतियाचे आमदार आणि तत्कालीन मंत्री नरोत्तम मिश्र यांना आयोगाने जून 2017 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले; मे 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पैसे दिल्याची पावती कोणीच ठेवत नाही आणि दोन वेगवेगळ्या पत्रांत शब्दशः सारखा मजकूर आला तरी तेवढ्याने व्यवहार सिद्ध होत नाही. वाचकाला मात्र असा मजकूर ओळखता येतो: बायलाइन, म्हणजे वार्ताहराचे नाव, नसते, विरोधी उमेदवाराचे नावही नसते आणि गर्दी नेहमी ‘उसळलेली’ असते.

दूरचित्रवाणीवरील चर्चेत एवढी आरडाओरड का असते?

कारण ती स्वस्त पडते. वार्ताहर झाबुआला किंवा अलिराजपूरला पाठवायचा तर गाडी, कॅमेरा, दोन दिवस आणि हाती काय लागेल याची अनिश्चिती; सहा माणसे चौकटींत बसवून भांडायला लावली तर तासाभराचा कार्यक्रम हमखास तयार होतो. त्यावर टीआरपीचा हिशेब. 2020 साली देशभरात सुमारे 44 हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवरून कोट्यवधी घरांची आवड ठरत होती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आकड्यांत गडबड झाल्याचा आरोप झाल्यावर वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबले आणि ते पुन्हा सुरू झाले मार्च 2022 मध्ये. त्या सतरा महिन्यांत आरडाओरड कमी झाल्याचे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. त्यामुळे सगळे खापर टीआरपीवर फोडणेही बरोबर नाही. आमच्याच घरात शांत आवाजात चाललेली चर्चा लागली की नातू रिमोट मागतो, आणि खरे सांगायचे तर मीही देतो.

खासगी एफएमवर बातम्या का नसतात?

परवानगी नाही म्हणून. 2001 साली देशात खासगी एफएम सुरू झाले आणि इंदूर हे त्यातील अगदी पहिल्या शहरांपैकी एक होते. तरीही खासगी केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, वाहतूक आणि हवामान सांगता येते. खड्ड्यामुळे कोठे कोंडी झाली हे निवेदक सांगू शकतो, खड्डा कोणाच्या कंत्राटातला हे नाही. 1955 पासून ‘मालवा हाउस’मधून चालणारे आकाशवाणीचे इंदूर केंद्र बातम्या देते, परंतु ते सरकारी अनुदानावर चालणाऱ्या प्रसार भारतीचे आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर खरा आहे की खोटा, हे कसे ओळखावे?

प्रथम हे लक्षात घ्यावे की येथे संपादक नाही. प्रत्येक वर्तमानपत्राच्या अंकात कोठेतरी, बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व ठिकाण छापणे कायद्याने बंधनकारक आहे. 1867 चा जुना कायदा जाऊन 1 मार्च 2024 पासून नवा लागू झाला तरी ती ओळ राहिली. त्या ओळीचा अर्थ असा की चूक झाली तर कोणाला धरायचे हे ठरलेले आहे. ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ या शब्दांखाली कोणाचेच नाव नसते. मजकूर पाठवतात ते आपले मेहुणे किंवा शाळेतल्या बाई, म्हणून तो विश्वसनीय वाटतो. विश्वास माणसावर असतो आणि तो मजकुराला मिळतो.

याची किंमत काय असू शकते हे आग्रा रोडने मुंबईकडे जाताना लागणाऱ्या धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल 2020 पासून खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. आमचा नियम साधा आहे: तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव या तिन्हींपैकी एकही नसेल तर संदेश पुढे जात नाही. नियम मोडणाऱ्याला पुढच्या गुरुवारी सर्वांना पोहे खाऊ घालावे लागतात. मी आजवर दोनदा खाऊ घातले आहेत.

मतदानापूर्वीच्या 48 तासांत प्रचार बंद असतो, तरी वर्तमानपत्रांत जाहिराती कशा दिसतात?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 मध्ये सभा, मिरवणूक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांसारखी साधने येतात. छापील वर्तमानपत्र येत नाही. आयोग मतदानाच्या दिवसाच्या आणि आदल्या दिवसाच्या छापील जाहिराती आधी तपासून घेण्यास सांगतो, एवढेच. एक्झिट पोलवर मात्र कलम 126 अ प्रमाणे शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत बंदी असते आणि ती छापील माध्यमालाही लागू आहे.

वर्तमानपत्रात किंवा वाहिनीवर चुकीची बातमी आली तर तक्रार कोठे करावी?

वर्तमानपत्राच्या बाबतीत आधी संपादकाला लेखी पत्र पाठवावे आणि त्याची प्रत ठेवावी. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे जाता येते. दैनिक किंवा साप्ताहिकाबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत आणि इतर नियतकालिकांबाबत चार महिन्यांच्या आत. यासाठी शुल्क नाही. परिषद समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, परंतु दंड करू शकत नाही. वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. तेथे आधी वाहिनीकडे आणि मग ती ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे लिहावे लागते. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड झाली असेल तर मात्र तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे गुन्हा आहे आणि पोलिसांकडे जाता येते.

आमच्या बैठकीतील एका आजोबांचे नाव काही वर्षांपूर्वी येथील एका दैनिकाने कर थकवणाऱ्यांच्या यादीत छापले. त्यांच्याकडे भरल्याची पावती होती. नावसाधर्म्यामुळे घोटाळा झाला होता. बातमी शहराच्या पानावर, चौकटीत, चार कॉलमांत आली होती. त्यांनी पत्र लिहिले, पावतीची छायाप्रत जोडली, दोनदा कार्यालयात जाऊन आले. एकोणिसाव्या दिवशी खुलासा आला, राशिभविष्याच्या खाली, तीन ओळींचा, आणि त्यात त्यांचे आडनाव ‘पटवर्धन’ऐवजी ‘पटवर्मन’ छापले होते. त्यांनी पुन्हा पत्र लिहिले आहे.